हाताची ऊर्जा आणि मुके जनावर

जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ साली सुरू केलेली रेकी आज पाळीव कुत्र्या-मांजरांवरही करतात. उपचारकाच्या हातांतून प्राणशक्ती वाहते, असा दावा. तो कसोटीस उतरतो काय? अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने याच जातीच्या एका पद्धतीच्या २१ उपचारकांना पडद्याआड बसविले. 'माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे?' एवढाच प्रश्न. २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली. निव्वळ अंदाजाने १४० आली असती! निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला.

मायेच्या स्पर्शाने जनावर शांत होते, हे खरेच. परंतु शांत होणे म्हणजे बरे होणे नव्हे. 'अजून दुखते' असे त्याला सांगता येत नाही. धनी समाधान पावतो, दुखणे वाढते. म्हणून हात जरूर फिरवावा, पण आधी पशुवैद्य गाठावा.