दोन ‘ऱ्या’

घरचा सर्व्हर : लेखांक ९

या आठवड्यात साठवणीच्या दुसऱ्या प्रतीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. रविवारी आमच्याच घरचा सर्व्हर रुसला, आणि तो दुरुस्त करताना जे हाती लागलं ते फायलींना मराठी नावं देणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आम्ही शिळफाट्याला राहतो, खोपोलीत, बोरघाटाच्या पायथ्याशी. जुलैत पावसाने ठाण मांडलं की समोरचा डोंगर दोन-दोन दिवस दिसत नाही आणि लाइट जात-येत राहते. रविवारी मामा-मामी आले होते. आईला त्यांना बाबांच्या टेपा दाखवायच्या होत्या. राजमाची, ढाक, कोथळीगड, प्रबळगड अशा ट्रेकमध्ये बाबांनी हँडीकॅमवर घेतलेल्या चौदा टेपा मी उन्हाळ्यात संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. बाबा आता नाहीत. त्या टेपांत त्यांचा आवाज आहे.

चार वाजता लाइट गेली, साडेपाचला आली. आमचा सर्व्हर ज्या छोट्या संगणकावर चालतो तो रास्पबेरी पाय आपला आपण सुरू झाला, टीव्हीच्या यादीत सर्व्हरचं नावही आलं. आत गेलो तर सगळं रिकामं. डिस्क उडाली, असं घरात सगळ्यांनी एका सुरात ठरवून टाकलं.

अशा वेळी हात लगेच कॉन्फिग फाइलकडे जातो. जाऊ देऊ नये. आधी बिघाड कुठून कुठपर्यंत आहे ते पाहावं. टीव्हीला व्हिडिओ पुरवणाऱ्या, आपण लेखांक ८ मध्ये बसवलेल्या मिनीडीएलएनए या प्रोग्रॅमचं एक साधं पान असतं. फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे पोर्ट ८२०० टाकलं की गाणी किती, व्हिडिओ किती, चित्रं किती, हे तिथं दिसतं. पान उघडलं. तिन्हीकडे शून्य. म्हणजे सर्व्हर जिवंत, वायफाय ठीक, टीव्हीचा दोष नाही. जे तुटलं ते सर्व्हर आणि डिस्क यांच्यामध्ये.

मग लॉग वाचला. मिनीडीएलएनएची लॉग फाइल डेबियनवर ‘व्हार-लॉग’ फोल्डरच्या आत असते. शेवटच्या ओळींत चारही फोल्डरांबद्दल एकच तक्रार होती : हा फोल्डर उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. कारण साधं निघालं. लाइट आल्यावर पाय चटकन उठला, पण वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क मागे राहिली. ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहिलेलं आहे, म्हणून डिस्क नसली तरी यंत्र अडून न बसता पुढे गेलं. (ते लिहायलाच हवं. नसतं तर सिस्टिमडी दीड मिनिट वाट पाहून आपत्कालीन पडद्यावर थांबला असता आणि आम्हाला पायला कीबोर्ड-मॉनिटर जोडत बसावं लागलं असतं.) डिस्क ज्या फोल्डरवर चढायची तो रिकामाच राहिला, आणि मिनीडीएलएनएने त्या रिकाम्या फोल्डरलाच खरं मानलं.

‘माउंट’ आज्ञा ‘ए’चा पर्याय देऊन चालवली. डिस्क आली. सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि पानावर आकडा चढत गेला : २९७ व्हिडिओ. लग्नं, मुंजी, शाळेची गॅदरिंगं, सगळं परत. फक्त ट्रेकचा फोल्डर नाही.

लाइट आणि डिस्क दोन्हींचे प्रश्न आता सुटले होते, तरी एक गोष्ट अडलेली. लॉगमध्ये मघाच्या चार तक्रारींपैकी एक अजून तशीच होती, ‘दऱ्याखोऱ्या’ या फोल्डरची. मघाशी ती बाकीच्या तिघांच्या गर्दीत मिसळून गेली होती. तेव्हा आठवलं : ती ओळ मी शनिवारी लिहिली होती. ‘मीडिया-डिर’, बरोबरचं चिन्ह, व्हिडिओसाठी ‘व्ही’, स्वल्पविराम आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. फाइल जतन केली, पण सर्व्हर पुन्हा सुरू करायचा राहिला. चालू असलेला प्रोग्रॅम सुरुवातीला वाचलेली फाइलच डोक्यात ठेवून चालतो, त्यामुळे शनिवारची चूक रविवारपर्यंत झोपून राहिली. लाइट गेली, सर्व्हर नव्याने उठला, आणि त्याने ती ओळ पहिल्यांदाच वाचली. कॉन्फिगमध्ये बदल केल्यावर त्याच बैठकीत सर्व्हर पुन्हा सुरू करून लॉग पाहा, असं मी या लेखमालेत दोनदा लिहिलं आहे. ते का लिहिलं, हे मला त्या संध्याकाळी नीट कळलं.

ओळीत चूक मात्र दिसेना. फोल्डरांची यादी काढली तर तिथं ‘दऱ्याखोऱ्या’. कॉन्फिगमध्ये ‘दऱ्याखोऱ्या’. मामांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तंतोतंत तेच.

शेवटी दोन्ही नावं ‘हेक्सडंप’मधून काढली. ही आज्ञा अक्षरं जशी साठवलेली असतात तशी, बाइट मोजून दाखवते. एक नाव ३३ बाइटचं होतं, दुसरं ३९ बाइटचं.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा फरक दाखवायला आपल्याला तो आडवा, पापणीसारखा र लागतो, आणि युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, मग ‘य’. दुसरा : साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘य’. युनिकोडची शिफारस पहिल्या प्रकाराची आहे, दुसरा जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेला आहे. पडद्यावर ‘ऱ्या’ आणि ‘र्‍या’ एकसारखेच उमटतात, पण पहिल्याचे बाइट १२ आणि दुसऱ्याचे १५. आमच्या नावात अशी दोन जोडाक्षरं, म्हणून सहा बाइटचा फरक. फोल्डर मी फोनवरून केला होता, ओळ लॅपटॉपवर लिहिली होती, आणि दोन कीबोर्डांनी दोन वेगळे ‘ऱ्या’ काढले. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची रांग. अर्थ किंवा रूप तो पाहत नाही. रांग वेगळी, तर फोल्डर वेगळा.

उपाय मिनिटाचा. पत्ता हाताने लिहायचाच नाही. टर्मिनलमध्ये ‘द’ टाकून टॅब दाबलं की उरलेलं नाव डिस्कवर आहे तसंच्या तसं येतं. तेच उचलून कॉन्फिगमध्ये चिकटवलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. २९७चे ३११ झाले. साडेआठला ढाकची टेप लावली.

मराठी कीबोर्डची आणखी एक अडचण याच जातीची आहे. पोर्टच्या जागी देवनागरी आकडे पडले तर आपल्याला तो आकडा दिसतो, प्रोग्रॅमला नाही. कॉन्फिगमधले आकडे नेहमी इंग्रजी ठेवा. या लेखात देवनागरी छापलेले आहेत म्हणून तसेच टाकू नका.

मिनीडीएलएनएऐवजी कोडी किंवा प्लेक्स हे मीडिया प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी कॉन्फिगबद्दलच एक सूचना. ‘जीयूआय-सेटिंग्ज’ नावाची एक्सएमएल फाइल कोडी चालू असताना बदलली तर बंद होताना कोडी ती स्वतःच्या आठवणीतून पुन्हा लिहितो आणि तुमचा बदल जातो. हाताने लिहायचं ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड-सेटिंग्ज’मध्ये. त्या फाइलला तो हात लावत नाही. प्लेक्सच्या ‘प्रेफरन्सेस’ फाइललाही आधी सर्व्हर थांबवून मगच हात घालावा.

सोमवारी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने मिनीडीएलएनएच्या सेवेत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ची एक ओळ घातली. आता डिस्क चढल्याशिवाय सर्व्हर सुरूच होत नाही. बदलाआधीच्या कॉन्फिगची तारीख घातलेली प्रतही आता शेजारी असते, म्हणजे ‘डिफ’ आज्ञा काय बदललं ते लगेच सांगते.

नावं रोमन करून टाक, कटकट मिटेल, असं मामा जाताना म्हणाले. पूर्ण पत्त्यात वरचे फोल्डर मी रोमनच ठेवले आहेत. शेवटचा ठेवणार नाही. टेपांच्या खोक्यावर बाबांनी निळ्या बॉलपेनने ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिलं आहे.