दुकान तुमचं, मग वेळ कोणाची?

"सर, नोकरी सोडून दुकान टाकायचंय. स्वतःचा मालक होईन, घरच्यांना वेळ देता येईल." असं मला बरेच जण सांगतात. बीबीए झाल्यावर मी स्टेशनरीचं दुकान टाकलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? सकाळी ८ ला शटर वर, रात्री १० ला खाली. महिन्याचे तीसही दिवस. सगळा खर्च जाऊन ४२,००० रुपये उरायचे, म्हणून मी खूश होतो. एकदा सहज तास मोजले. १४ गुणिले ३०, म्हणजे ४२० तास. तासाला फक्त १०० रुपये! आणि दमलेला असलो की आलेल्या गिऱ्हाईकावर खेकसायचो, ते वेगळंच.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान रोज उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते. मालकाला मात्र कोणी सुट्टी देत नाही. ती आपणच घ्यायची असते.

मग मी काय केलं?

१. तासानुसार विक्री लिहिली. चार आठवडे एक वही ठेवली. यूपीआय ॲपमध्ये प्रत्येक पेमेंटची वेळ असतेच, त्यामुळे हे सोपं गेलं. रात्री ९ ते १० मध्ये जेमतेम ४०० रुपयांची विक्री. २० टक्के मार्जिन धरलं तर हातात ८० रुपये. दुपारी २ ते ४ तर शुकशुकाट. पुण्याच्या '१ ते ४ बंद'वर मीही हसायचो, आता हसत नाही.

२. वेळ ठरवली आणि पाळली. ८ ते २, ४ ते ९, सोमवार बंद. बोर्डावर लिहिलं, गूगल मॅपवरही बदललं. सोमवारचं बरंचसं गिऱ्हाईक मंगळवारी येतं.

३. स्वतःचा पगार ठरवला. गल्ल्यातून लागतील तसे पैसे उचलणं बंद. नाहीतर धंदा कमावतोय की आपण नुसते राबतोय, हेच कळत नाही.

आता नफा ३९,००० रुपये. म्हणजे ३,००० ने कमी झाला, खोटं कशाला सांगू? पण तास २८६ झाले, तासाला साधारण १३६ रुपये.

तुमचं दूध किंवा औषधांचं दुकान असेल तर असं बंद ठेवणं जमणार नाही. तिथे विश्वासाचा एक माणूस तयार करा आणि पाळी लावून घ्या.

पहिल्या सोमवारी मला घरी बघून मुलीने विचारलं, "बाबा, दुकान बंद पडलं का?" हसू आलं, पण लागलंही.

तेव्हा आजच वही काढा आणि तुमचे तास मोजा. तासाला किती पडले, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!