ग्लुटेनमुक्त बेकिंग : शेत, गिरणी आणि घरची भट्टी

गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम वजनाचा असतो. त्यात नऊ-दहा टक्के ग्लुटेन धरले, तर एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे मिसळताच ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द वेष्टनावर छापण्यासाठी घातलेली कमाल मर्यादा हीच आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकातही तोच आकडा आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर अनेक शेतकरी गट व महिला बचत गट ज्वारी, बाजरी, नाचणीची पिठे ग्लुटेनमुक्त म्हणून विकू लागले आहेत. दाणा निसर्गतः ग्लुटेनमुक्त आहे, याविषयी शंका नाही. पीठ तसे राहते का, हे मात्र मळणीयंत्र, बारदान, गिरणी आणि स्वयंपाकघरातील चाळणी यांवर ठरते.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने बेकिंगवर लिहावे, याला दोन कारणे आहेत. साठवणुकीतील धान्य आणि पीठ हा माझ्या कामाचा विषय आहे. आणि माझ्या घरात सिलिॲकचा रुग्ण असल्याने पाव, बिस्किटे व केक ही गेली काही वर्षे घरीच होतात.

सिलिॲक हा पचनाचा किरकोळ बिघाड नव्हे. गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतील ग्लुटेन प्रथिनांमुळे रुग्णाची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्यातील रसांकुर सपाट होतात आणि अन्नाचे शोषण थांबते. जुलाब, पोटफुगी ही लक्षणे असतातच असे नाही; मुलाची उंची न वाढणे, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय न हटणे, एवढ्यावरूनही निदान होते. उत्तर भारतात शंभर जणांमागे सुमारे एकाला हा रोग असल्याचे पाहणीत आढळले आहे. दक्षिणेत हे प्रमाण बरेच कमी आहे. प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने रुग्णाच्या आईवडील व भावंडांचीही तपासणी केली जाते. यावर औषध नाही. आहारातून ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वगळणे हा एकच उपचार आहे. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा संबंध सिद्ध केला तो १९५० च्या आपल्या प्रबंधात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुले उलट सुधारली, हे त्याच्या निरीक्षणांपैकी एक होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगाव्यात. एक, शंका असल्यास रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर रक्तातील प्रतिपिंडे उतरतात आणि निदान अवघड होते. दोन, खपली गहू हा गहूच आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यातील खपलीला पुन्हा चांगला भाव मिळू लागला याचा आनंदच आहे, परंतु ‘खपलीत ग्लुटेन नसते’ असे काही विक्रेते सांगतात ते खोटे आहे आणि सिलिॲकच्या रुग्णाला ते घातक आहे. ज्यांना हा रोग नाही, त्यांनी गव्हाला घाबरण्याचे कारण नाही, हेही त्याच दमात सांगावे. भरडधान्यांचा प्रचार करण्यासाठी गव्हाची बदनामी करावी लागत नाही.

पिठाची गोष्ट इथून सुरू होते. सार्वजनिक गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी टाकली, की दगडांच्या मधले, नळीतले आणि कापडी पिशवीतले गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते. वर सांगितलेल्या हिशेबाने एका किलोला पाव ग्रॅम गव्हाचे पीठ पुरेसे आहे, म्हणजे एक चिमूटही नाही. ‘आधी थोडी ज्वारी दळून टाकून देऊ’ या उपायाने प्रमाण कमी होते. ते मर्यादेच्या आत आले की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे सिलिॲकच्या घरात घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. जुनी घरघंटी असेल व तिच्यात गहू दळला गेला असेल, तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. पूर्वीचे जाते घरात असेल, तर त्यालाही हाच नियम.

दळण्यापूर्वी धान्य निवडणे हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. ज्वारी ताटात पसरून निवडली, तर गव्हाचा लांबट, मध्ये खाच असलेला दाणा सहज ओळखू येतो. नाचणी व राजगिरा यांना चाळणी उपयोगी पडते, कारण त्यांच्या बारीक दाण्यातून गहू वरच राहतो. निवडलेले धान्य धुऊन वाळवावे. मात्र ज्या ताडपत्रीवर गहू वाळतो तिच्यावर नव्हे.

आता किडींविषयी. घरघंटी आली की लोक एकदम दहा-दहा किलो पीठ दळून ठेवतात, आणि इथे माझा आक्षेप आहे. पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, अखंड, निरोगी दाण्यावर फारसा वाढू शकत नाही. त्याला फुटका दाणा किंवा पीठ लागते. पीठ दळून ठेवणे म्हणजे त्याला आयते घर देणे. उबदार हवेत सुमारे महिनाभरात त्याची एक पिढी पूर्ण होते. त्याच्या शरीरातून स्रवणाऱ्या क्विनोन या रसायनांमुळे पिठाला उग्र वास येतो व रंग बदलतो. असे पीठ चाळून वापरणे योग्य नाही. तांदळावरील पतंग, कॉर्सिरा, हाही इथला नेहमीचा पाहुणा. त्याची अळी दाणे व पीठ जाळ्याने एकत्र विणते. ट्रायकोकार्ड तयार करताना हीच कीड आम्ही प्रयोगशाळेत भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर मुद्दाम वाढवतो, यावरून ही धान्ये तिला किती मानवतात ते कळावे.

सिलिॲकच्या घरात किडीचा आणखी एक उपद्रव आहे, तो सहसा लक्षात येत नाही. पिठात अळी दिसली की हात चाळणीकडे जातो, आणि ती चाळणी बहुधा कणकेचीच असते. तिच्या जाळीतला गव्हाचा कण मग पुन्हा ज्वारीत येतो.

म्हणून साठवण दाण्याची करावी, पिठाची नव्हे. दाणा दाताखाली कडकन तुटेल इतका वाळवून हवाबंद पिंपात किंवा बहुस्तरीय हवाबंद पिशवीत भरावा. आतला प्राणवायू संपला की कीड गुदमरते. थोड्या धान्यासाठी डीप फ्रीझर उत्तम : उणे १८ अंश सेल्सिअसला चार दिवस ठेवल्यास अंड्यांसह सर्व अवस्था मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा दाण्यावर पाणी सुटते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. त्यातून निघणारा वायू माणसालाही मारतो. नाचणीची गोष्ट मात्र निराळी. तिच्या बारीक, कठीण दाण्याला साठवणुकीतील किडी फारशा लागत नाहीत आणि ती वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळी भागांत तिचा साठा का ठेवत, ते यावरून समजते.

कीड नसली तरी पीठ बिघडते. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो. दळताच विकरे त्यावर काम सुरू करतात आणि काही दिवसांत पीठ कडवट होते. राजगिऱ्यात स्निग्धांश त्याहून अधिक आहे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, हे घरोघरी ठाऊक आहे. अशा पिठाचा पावही तसाच भुगा होतो. ज्वारी-तांदळाचे पीठ आठवड्यापुरते दळावे, बाजरीचे दोन-तीन दिवसांपुरते. त्याहून अधिक उरले तर फ्रीझरमध्ये ठेवावे.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते व यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकून पाव फुगतो. आपल्या पिठांत ते जाळे नाही. सर्वांत सोपा बदली बांध म्हणजे इसबगोलाची भुसी. पाण्यात ती फुगून चिकट जेल होते आणि वायू धरून ठेवते. परदेशी पाककृतींत अप्रूपाने वापरला जाणारा हा पदार्थ मुख्यतः भारतातून जातो. गुजरात व राजस्थान ही त्याची प्रमुख राज्ये, आणि मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही मोठी बाजारपेठ. रब्बीत घेतले जाणारे हे पीक मावा आणि केवडा यांना बळी पडते, आणि काढणीच्या वेळी एक पाऊस आला तरी बी झडून जाते. दुसरा पर्याय गवार गम, तोही राजस्थानचाच.

आमच्या घरी स्थिरावलेले पावाचे प्रमाण असे : ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी ७५ ग्रॅम, मक्याचे स्टार्च ७५ ग्रॅम, इसबगोल भुसी १८ ग्रॅम, कोमट पाणी ३३० मिलिलिटर, कोरडे यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा. यीस्ट व साखर थोड्या पाण्यात फसफसू द्यावी. भुसी उरलेल्या पाण्यात घोटून दहा मिनिटे ठेवावी, मग सर्व एकत्र करावे. गोळा कणकेसारखा होत नाही, घट्ट सारवणासारखा होतो. त्यात पीठ वाढवण्याचा मोह आवरावा. मळण्याचा इथे उपयोग नाही, कारण मळून तयार व्हावे असे काही त्यात नाही. ओल्या हाताने थेट साच्यात भरून उबेला तासभर फुगू द्यावे. एकदाच; दुसऱ्यांदा फुगवायला गेल्यास वायू निघून जातो आणि परत धरला जात नाही. २०० अंशांवर सुमारे ५० मिनिटे भाजावे. बाहेर काढल्यावर दोन तास कापू नये. गरम असताना आतला भाग चिकटच असतो आणि तो कच्चा राहिला असे वाटून लोक पुन्हा भाजायला ठेवतात.

तांदळाची पिठी दाताखाली कचकचत असेल, तर मिश्रण भाजण्यापूर्वी अर्धा तास मुरू द्यावे. ज्वारीचे थोडे पीठ आधणाच्या पाण्यात उकडून घेतले, तरी बांध सुधारतो. भाकरीसाठी आपल्याकडे हे नेहमीच केले जाते.

नवशिक्यांनी मात्र पावापासून सुरुवात करू नये. नानकटाईला ग्लुटेनची गरजच नाही. उलट गव्हाची नानकटाई खुसखुशीत व्हावी म्हणून आपण ग्लुटेन तयार होऊ देत नाही. भाजलेले नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, बेसन व तांदळाची पिठी प्रत्येकी ५० ग्रॅम, साजूक तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम व वेलची. १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटे. नाचणी मुळातच तपकिरी असल्याने भाजल्याचा रंग कळत नाही, म्हणून घड्याळावर विसंबावे. केकमध्ये अंड्याची प्रथिने बांध देतात, त्यामुळे ज्वारीच्या पिठाचा केक सहज जमतो. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ज्यांच्या आतड्याने वर्षानुवर्षे खनिजे नीट शोषलेली नाहीत, त्यांच्यासाठी ही जमेची बाजू आहे. बाजरी घ्यायची तर महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी व इक्रिसॅट यांनी विकसित केलेले अधिक लोहाचे धनशक्ती वाण पाहावे.

स्वयंपाकघरात गहू चोरपावलांनी येतो. बाजारचा बांधानी हिंग मैद्यात मळलेला असू शकतो. मेतकुटात गहू असतो, काही घरांच्या थालिपिठाच्या भाजणीतही असतो, आणि माल्ट म्हणजे सातूच. ओट्समध्ये स्वतःचे ग्लुटेन नसले तरी गव्हाची भेसळ सर्रास असते. ‘मल्टिग्रेन’ आट्यात मुख्य धान्य बहुधा गहूच असतो. लाकडी पोळपाट-लाटणे, चाळणी आणि केकचे साचे रुग्णासाठी वेगळे ठेवावेत. लाकडाच्या चिरांतून व साच्याच्या सांध्यांतून पीठ पूर्ण निघत नाही. पंख्याच्या ओव्हनमध्ये गव्हाचे व ग्लुटेनमुक्त पदार्थ एकाच वेळी भाजू नयेत. कणीक चाळल्यावर तिची धूळ हवेत बराच वेळ तरंगते, म्हणून ग्लुटेनमुक्त भाजणी सकाळी, घरात कणीक निघण्यापूर्वी उरकावी. ज्या घरात दोन-तीन रुग्ण आहेत, तिथे गहू घराबाहेरच ठेवणे अधिक सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

अशा कुटुंबांना पीठ विकू इच्छिणाऱ्या गटांनी वेष्टन छापण्याआधी आपली साखळी उलट तपासावी. मळणीयंत्रात आधी गहू काढला होता का? बारदान नवे आहे का? दळण, चाळण आणि भरणी ज्या खोलीत होते तिथे गहू येतो का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अडचणीचे असेल, तर पिशवीवर ‘ज्वारीचे पीठ’ एवढेच छापावे. स्वतंत्र गिरणी उभी करता आली, तर प्रत्येक खेपेचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने तपासून घ्यावा, त्या खेपेचा क्रमांक पिशवीवर छापावा आणि त्याच खेपेचा पाव किलो नमुना विक्री संपेपर्यंत हवाबंद डब्यात जपून ठेवावा.