गुलाबाची काडी

नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूच्या जुन्या घरांच्या मागील दारीं गांवठी गुलाबाचें एखादें झाड अद्यापि कोठें कोठें आढळतें. त्याचें नांव कोणास सांगतां येत नाहीं. तें कोणी लावलें हें मात्र घरांत सर्वांस ठाऊक असतें. घर पाडावयाचें ठरलें किंवा झाड जीर्ण झालें, म्हणजे हा गुलाब राखावा कसा असा प्रश्न पडतो. बीं पेरून तो राखतां येत नाहीं. बियांपासून उगवलेलें रोप हें त्या झाडाचें अपत्य होय. त्याचा रंग व गंध निराळा निघण्याचाच संभव फार. काडीपासून वाढलेलें रोप हें अपत्य नव्हे. तें मूळचें झाडच नव्या मुळांवर उभें राहिलेलें असतें.

काडी झाडापासून तोडल्याबरोबर तिच्यावर संकट ओढवतें. पानांतून पाण्याची वाफ जातच असते आणि पाणी शोषून घेण्यास मुळें तर नसतात. मुळें फुटेपर्यंत काडी सुकूं न देणें व कुजूं न देणें, एवढ्यांतच सारें कौशल्य आहे. पुढील प्रत्येक नियम या एका गोष्टींतून निघतो.

प्रथम काळाचा विचार. तापीच्या खोऱ्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर चढतो. त्या झळांत काडी तग धरीत नाहीं. पावसाळ्यांत हवा दमट असते खरी, परंतु येथील काळी माती पाणी धरून ठेवते आणि काडी कुजते. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, काड्या लावाव्या. गुलाबाची छाटणीही याच सुमारास होत असल्यानें काड्या आयत्या मिळतात आणि उन्हाळ्यापूर्वीं रोपास तीन-चार महिने सांपडतात.

नुकतेंच फूल येऊन गेलेली, शिसपेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. कांटा आंगठ्यानें बाजूस दाबला असतां स्वच्छ मोडला, तर फांदी पक्व झाली असें समजावें. चार-पांच डोळे असलेली 6 ते 8 इंचांची काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं सरळ द्यावा; वरचा डोळ्यापासून पाव इंचावर तिरपा द्यावा, म्हणजे काडी उलटी लागण्याची भीति राहत नाहीं. खालचीं पानें काढून टाकावीं, वरचें एखादें अर्धें कापून ठेवावें.

हें पान ठेवण्यास कारण आहे. पानें व डोळे यांत तयार होणारें एक द्रव्य सालींतून खालीं उतरतें, कापाशीं सांठतें आणि त्याच्याच प्रेरणेनें मुळें फुटतात. 1935 सालीं अमेरिकेंतील बॉइस थॉम्सन संस्थेंत झिमरमन व विल्कॉक्सन यांनीं इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या अंगींही हाच गुण असल्याचें दाखविलें. मुळें फुटण्यासाठीं बाजारांत जी पूड मिळते, तींत बहुधा हेंच असतें. गांवठी गुलाबास तिच्यावांचूनही चालतें.

नदीची जाड वाळू व पानांचें चांगलें कुजलेलें खत समभाग घ्यावें. ताजें शेणखत मुळींच घालूं नये. पसरट कुंडीच्या मध्यभागीं बूड बुजविलेली एक लहान मातीची कुंडी पुरून ती पाण्यानें भरून ठेवावी. तिच्या अंगांतून पाणी झिरपत राहतें. ओल टिकते, परंतु चिखल होत नाहीं. भोंवतीं काठीनें भोंकें पाडून काड्या निम्म्या आंत जातील अशा लावाव्या व माती दाबावी. कुंडी उजेडाच्या सावलींत ठेवावी. काडीवर काचेची बरणी पालथी घातल्यास हवा दमट राहते. ती रोज थोडा वेळ उचलावी.

दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात आणि घरांत आनंद होतो. परंतु तो घाईचा असतो. ही पालवी काडींतील सांठविलेल्या अन्नावर फुटलेली असते. खालीं मूळ असेलच असें नाहीं. काडी उपटून पाहण्याचा मोह टाळावा, कारण केसासारखीं कोंवळीं मुळें तेवढ्यानेंही तुटतात. सहा ते आठ आठवड्यांनीं हलकेंच ओढून पाहावें. काडीनें माती धरली असेल तर मुळें आलीं. मग मातीच्या गड्ड्यासह रोप निराळ्या कुंडींत लावून हळूहळू उन्हाची संवय करावी. पहिली कळी खुडावी, म्हणजे रोपाची शक्ति मुळांकडे जाते.

रोपवाटिकेंतील मोठ्या फुलांचे गुलाब बहुधा दुसऱ्या जातीच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. त्यांच्या काड्या कष्टानें लागतात व पुष्कळदां दुर्बळ राहतात. उलट, काडीच्या झाडाचा एक मोठा लाभ असा कीं, जमिनींतून येणारा प्रत्येक फुटवा त्याच गुलाबाचा असतो. खुंट माजून मूळ जात नाहींशी होण्याचें भय नाहीं.

दहा काड्यांतील चार लागल्या तरी समाधान मानावें. त्यांतील एक आपल्या दारीं ठेवावी, एक शेजारीं द्यावी, एक लेकीच्या सासरीं पाठवावी. मग एका घरचें झाड वाळलें, तरी तो गुलाब दुसऱ्या घराहून परत आणतां येतो.