मस्टरवर हजर, पण काम अर्धंच

कारखान्याच्या मस्टरवर आजारपण उमटतं ते रजेच्या नोंदीतून. त्यामुळे मधुमेह, पाठदुखी, अर्धशिशी असल्या पाठ न सोडणाऱ्या दुखण्यांनी किती काम बुडतं असं विचारलं, की पहिल्यांदा रजाच मोजल्या जातात. मोठी गळती मात्र ‘हजर’ लिहिलेल्या दिवसांत असते.

२००३ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डोकेदुखी, पाठदुखी, सांधेदुखी अशा नेहमीच्या दुखण्यांचा हिशेब छापून आला. अमेरिकेत त्यांच्यापायी वर्षाला सुमारे ६१ अब्ज डॉलरचं काम बुडत होतं. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा गैरहजेरीचा नव्हताच. माणसं कामावर आलेली होती, फक्त काम उरकत नव्हतं.

शरीरात नेमकं काय होतं, हे मधुमेहात स्पष्ट दिसतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि तोही मुख्यतः ग्लुकोजच्या रूपात. इन्सुलिन घेणाऱ्या कामगाराची जेवणाची सुट्टी लांबली आणि रक्तातली साखर ७० च्या बरीच खाली गेली, की हात थरथरतात, घाम फुटतो, लक्ष उडतं. गोड चहा पोटात गेल्यावर मीटरवरचा आकडा सुधारतो. डोकं पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागतो. तेवढा वेळ तो यंत्रासमोर उभाच असतो. साखर चढलेली राहिली तर तऱ्हा वेगळी: रात्री लघवीला वारंवार उठायचं, झोपेचं खोबरं आणि सकाळी पहिली पाळी. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा अशा पाळ्या किती होत असतील!

हे मोजतात कसं? जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली गेल्या सात दिवसांपुरतंच विचारते: किती तास कामाला मुकलात, आणि कामावर असताना दुखण्याने किती अडवलं, ० ते १० मध्ये सांगा. पुढे त्या तासांचे पैसे करतात आणि घोळ तिथे होतो. एका पद्धतीत बुडालेल्या सगळ्या काळाचा पगार धरतात; नेदरलँड्समध्ये मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत बदली माणूस मिळून रुळेपर्यंतचाच. आजार एकच, आकड्यांत मात्र कमालीची तफावत. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. तास पगाराच्या भावाने मोजला, की कमी मजुरीच्या माणसाचं दुखणं आपोआप स्वस्त ठरतं.

शिवाय रजा परवडायलाही हवी. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. ऊसतोडणीच्या फडात यातलं काही नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल आणि मजुरी टनावर. एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे मजुरी बुडाली ती बुडालीच, वर दंड.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. त्याला डॉक्टरांचे सल्ले, कर्करोगाची भीती अशी बरीच कारणं होती. मासिक पाळीच्या त्रासापायी पडणारा खाडा हे त्यातलंच एक. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं, पाळी जाण्याचे त्रास तिशीतच सुरू होतात आणि हाडं लवकर झिजू लागतात. तशा हाडांनी मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. त्या दिवसांना खाडा धरत नाहीत.