किडींच्या छायाचित्रणासाठी एक्स्टेन्शन ट्यूब

निदानासाठी येणाऱ्या छायाचित्रांत मक्याचा पोंगा बहुधा सुस्पष्ट असतो आणि अळी मात्र तपकिरी रेघेएवढी दिसते. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. तिची ओळख डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारख्या खुणेवरून आणि पोटाच्या आठव्या वलयावर चौकोनात मांडलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून पटते. यांपैकी ठिपके अधिक विश्वसनीय होत, कारण उलट्या ‘वाय’सारखी खूण इतर काही अळ्यांतही दिसते. ठिपके दिसले नाहीत, तर निदान अंदाजावर राहते आणि फवारणीही.

ज्यांच्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांना यासाठी महागडे मॅक्रो भिंग घेण्याची गरज नाही. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते. भिंग संवेदकापासून दूर गेले की ते अधिक जवळच्या वस्तूवर केंद्रित होते आणि प्रतिमा मोठी पडते. वाढणारे विवर्धन म्हणजे स्थूलमानाने नळीची लांबी भागिले भिंगाचे नाभीय अंतर. बाजारात १२, २० व ३६ मिलिमीटरच्या नळ्यांचा संच सर्रास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला ३६ मिलिमीटरची नळी लावल्यास ०.७२ एवढी भर पडते. भिंगाचे मूळ विवर्धन त्यात मिळवले की आपण एकास एक प्रमाणाच्या जवळ पोहोचतो. कॅमेऱ्याबरोबर येणारे १८-५५ झूम भिंग असेल, तर ते ५५ वरच ठेवावे; १८ वर केंद्रबिंदू भिंगाच्या काचेतच जाऊन बसतो.

नळी घेताना विद्युत संपर्कबिंदू असलेलीच घ्यावी. स्वस्त, बिनसंपर्काच्या नळीत बहुतेक आधुनिक भिंगांचे छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही आणि येथे तर सारी मदार छिद्रावरच असते. एकास एक प्रमाणात एफ ११ वरही जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. म्हणून अळी पांढऱ्या कागदावर घ्यावी, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि तिची पाठ संवेदकाला समांतर येईल असा कॅमेरा वरून धरावा. तेव्हाच चारही ठिपके एका प्रतलात येतात. डोक्याचे छायाचित्र समोरून वेगळे घ्यावे. केंद्रीकरण हाताने ठेवून कॅमेराच किंचित पुढे-मागे हलवावा व ओळीने आठ-दहा छायाचित्रे टिपावीत. त्यांतले एक तरी साधते.

एकास एक प्रमाणात संवेदकावर सुमारे एक चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो. शिवाय अळी भिंगापासून काही सेंटिमीटरवरच असल्याने कॅमेऱ्याचीच सावली तिच्यावर पडते. बाजूने धरलेला फ्लॅश आणि त्यापुढे बटर पेपर, एवढी सोय पुरेशी आहे. शेतातच छायाचित्र घ्यायचे असेल, तर पहाटेची वेळ उत्तम. वारा कमी असतो व कीटकही सुस्त असतात. नळी लावल्यावर दूरचे दृश्य मात्र टिपता येत नाही, त्यामुळे संपूर्ण रोपाचे व शेताचे छायाचित्र आधीच घेऊन ठेवावे. प्रादुर्भावाचा प्रकार त्यावरूनच कळतो. भिंग शेतात उघडताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे, अन्यथा संवेदकावर धूळ बसते.

फुलकिड्यांच्या बाबतीत ही युक्ती अपुरी ठरते. जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा हा कीटक छायाचित्रात दिसेल, पण त्याच्या जातीची खात्री काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखालीच होते. अशा वेळी छायाचित्राबरोबर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेले नमुनेही पाठवावेत.