दावा आज, निकाल निवडणुकीनंतर

न्यायालय आणि मतपेटी : लेखांक ६

पदावर असलेल्या अमेरिकी अध्यक्षावर त्याच्या खासगी वर्तनाबद्दल दिवाणी दावा चालू शकतो, हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. १९९७च्या ‘क्लिंटन विरुद्ध जोन्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी तसा एकमुखी निकाल दिला. अधिकृत कामाबद्दल मात्र अध्यक्षाला संरक्षण आहे, हे १९८२मध्येच ठरलं होतं. या आठवड्याचा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे. अध्यक्षाला बाजूला ठेवू. पण त्याच्या प्रचार समितीला कोर्टात खेचलं तर?

कायद्याच्या दृष्टीने हे सोपं आहे. प्रचार समिती ही सरकारी कचेरी नव्हे. ती देणग्या गोळा करते, भाड्याने जागा घेते, पगारावर माणसं ठेवते. इतर कोणत्याही खासगी संस्थेवर करावा तसा तिच्यावर दावा करता येतो. अध्यक्षपदाचं कवच तिच्या अंगावर नसतं. खरी अडचण असते ती तारखांची. मतदानाचा दिवस ठरलेला असतो आणि तो कुणासाठी पुढे ढकलला जात नाही. कोर्टाची तारीख मात्र पुढे जाऊ शकते, आणि बहुधा जातेच. ज्याच्यावर दावा झाला त्याला जिंकावं लागत नाही. मतदान उरकेपर्यंत वेळ काढला तरी पुरतं.

तीन दिवसांत दावा

१७ जून १९७२, शनिवार. पहाटे अडीचच्या सुमारास वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत सहाव्या मजल्यावर, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या कार्यालयात पाच माणसं पकडली गेली. त्यांच्यातला जेम्स मॅककॉर्ड हा अध्यक्ष निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीचा पगारी सुरक्षाप्रमुख निघाला. समितीचे प्रमुख जॉन मिचेल यांनी लगेच हात झटकले. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने ही फालतू घरफोडी असल्याचं सांगून विषय उडवून लावला.

मंगळवारी, २० जूनला, डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष लॉरेन्स ओब्रायन यांनी निक्सन यांच्या समितीवर दहा लाख डॉलरचा दावा जाहीर केला. मतदान ७ नोव्हेंबरला होतं, म्हणजे हातात १४० दिवस होते. ओब्रायन यांच्याजवळ तेव्हा पुरावा म्हणावा असा फारसा काही नव्हता. एका पगारी माणसाचं नाव होतं आणि बाकी संशय. एवढ्या भांडवलावर कोर्टात जाणं म्हणजे विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देणं होतं, आणि ‘हा प्रचाराचा स्टंट आहे’ हे उत्तर रिपब्लिकनांकडे तयारच होतं.

तरीही त्यांनी घाई का केली? गुन्ह्याचा तपास एफबीआयकडे होता. एफबीआय न्याय खात्याच्या हाताखाली, आणि न्याय खातं अध्यक्षांच्या. मिचेल स्वतः त्याच वर्षीच्या मार्चपर्यंत या खात्याचे प्रमुख, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, होते. एफबीआयचे हंगामी संचालक पॅट्रिक ग्रे तपासाचे कागद अध्यक्षांचे वकील जॉन डीन यांना पुरवत होते, हे पुढे उघड झालं. चोराची चौकशी चोराच्याच घरच्यांनी करायची, असा तो मामला होता.

दिवाणी दावा झाला की मात्र फिर्यादी पक्षाच्या वकिलाला एक हत्यार मिळतं. अमेरिकी पद्धतीत खटला उभा राहण्याआधी ‘डिस्कव्हरी’ नावाचा टप्पा असतो. त्यात समोरच्या पक्षाच्या माणसांना बोलावून शपथेवर प्रश्न विचारता येतात, लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेतो, कागदपत्रं मागवता येतात. पत्रकाराला ‘बोलायचं नाही’ असं सांगून वाटेला लावता येतं. इथे तसं चालत नाही, आणि खोटं बोललं तर तो वेगळा गुन्हा होतो. ओब्रायन यांना दहा लाख डॉलर हवे होते असं नाही. त्यांना मिचेल यांना शपथेवर खुर्चीत बसवायचं होतं.

तो मंगळवार आणखी एका कारणाने लक्षात राहिला. त्याच दिवशी निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हॉल्डमन यांच्यात झालेल्या बोलण्याच्या टेपवरची साडेअठरा मिनिटं नंतर पुसलेली सापडली. त्यानंतर तीन दिवसांनी, सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवण्याचं बोलणं झालं. ती टेप मात्र शाबूत राहिली आणि दोन वर्षांनी तीच निक्सन यांना भोवली.

वार आणि उलटवार

दावा न्यायाधीश चार्ल्स रिची यांच्यापुढे आला. त्यांची नेमणूक निक्सन यांनीच केलेली होती. जबान्या सुरू झाल्या आणि २२ ऑगस्टला रिची यांनी त्या सीलबंद ठेवण्याचा हुकूम दिला. ज्यांच्यावर फौजदारी तपास चालू आहे त्यांचे हक्क धोक्यात येऊ नयेत, हे त्यांनी दिलेलं कारण. त्या दिवशी मायामी बीचवर रिपब्लिकन अधिवेशनाचा दुसरा दिवस होता.

सप्टेंबरमध्ये दोन्हीकडून भडिमार झाला. ओब्रायन यांनी दावा बत्तीस लाखांवर नेला आणि प्रचाराच्या अर्थसमितीचे प्रमुख मॉरिस स्टान्स यांना त्यात ओढलं. समितीने पंचवीस लाखांचा उलटा दावा ठोकला : चारित्र्यहननासाठी कोर्टाचा गैरवापर होतो आहे, असा. स्टान्स यांनी स्वतंत्रपणे पन्नास लाखांचा बदनामीचा दावा केला. आता बातमी ‘घरफोडी कुणी केली’ ही राहिली नाही. ‘दोन पक्ष कोर्टात भांडताहेत’ अशी झाली. फिर्यादीची मोठी राजकीय जोखीम इथे आहे. कोर्टात गेलं की गुन्हा हा वाद होतो, आणि वादाला दोन बाजू असतात असं लोक समजतात.

१५ सप्टेंबरला पाच घरफोडे आणि त्यांच्यामागचे सूत्रधार हंट व लिडी अशा सात जणांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. त्यापलीकडे कुणाचं नाव नव्हतं. त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये निक्सन, हॉल्डमन आणि डीन बसले. ते बोलणं टेपवर आहे. त्यात या उलट्या दाव्यांचा हिशेब आहे, आणि ओब्रायन यांचे वकील एडवर्ड बेनेट विल्यम्स यांना निवडणुकीनंतर बघून घेण्याची भाषाही आहे. विल्यम्स यांची फर्म ‘वॉशिंग्टन पोस्ट’चीही वकील होती, म्हणजे राग दुहेरी. खुद्द ओब्रायन यांच्या प्राप्तिकराची चौकशी व्हावी म्हणून व्हाइट हाउसने त्याच उन्हाळ्यात कर खात्यावर दबाव आणला होता. त्यातून हाती काही लागलं नाही. सत्तेवरच्या माणसाच्या समितीवर दावा करताना समितीला कवच नसतं हे खरं, पण तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे सगळं सरकार असतं.

मग सप्टेंबरच्या उत्तरार्धात रिची यांनी दिवाणी दावा थांबवला. आधी फौजदारी खटला, मग हा. कायद्याच्या चौकटीत यात वावगं काही नव्हतं. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही, म्हणून असा क्रम लावण्याची तिथे रीतच आहे. पण परिणाम काय झाला? मतदानाआधी एकही जबानी बाहेर येणार नाही, हे पक्कं झालं. रिपब्लिकन पक्षाचे एक वकील रिची यांच्याशी खासगीत बोलत होते, असं डीन यांनी पुढच्या वर्षी सिनेट समितीपुढे सांगितलं. रिची यांनी ते साफ नाकारलं.

उरली होती संसदेची वाट. प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष राइट पॅटमन यांना घरफोड्यांना मिळालेल्या पैशांचा माग काढायचा होता. साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा त्यांचा प्रस्ताव ३ ऑक्टोबरला २० विरुद्ध १५ मतांनी पडला. ७ नोव्हेंबरला निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या वाट्याला आलं एकटं मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन.

नेमका प्रश्न, नेमकी मागणी

त्याच वर्षी, त्याच सप्टेंबरात, निक्सन यांच्या प्रचाराच्या अर्थसमितीवर आणखी एक दावा झाला होता. त्याची आठवण कमी जणांना आहे. ‘कॉमन कॉज’ या नागरी संघटनेचा तो दावा. देणगीदारांची नावं उघड करायला लावणारा नवा कायदा ७ एप्रिल १९७२ला लागू झाला. त्याआधी समितीने धडाधड पैसा गोळा करून घेतला होता. ही नावं सांगा, एवढीच कॉमन कॉजची मागणी होती. घरफोडी, कट, नुकसानभरपाई यांतलं काही नाही. कागद समितीच्या कपाटात होते. साक्षीदार लागत नव्हता, फौजदारी खटल्याची आडकाठी नव्हती.

मतदानाला आठवडा उरला असताना समितीने तडजोड केली आणि ९ मार्चपर्यंतची नावं दिली. सर्वांत अडचणीचे शेवटचे चार आठवडे, १० मार्च ते ६ एप्रिल, मात्र झाकलेलेच राहिले. ती यादी निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांच्याकडे होती आणि १९७३मध्ये बाहेर आली. म्हणजे आटोपशीर दाव्यालाही मतदानाआधी अर्धंच यश आलं. पण ओब्रायन यांच्या पदरात त्या मुदतीत तेवढंही पडलं नाही.

ओब्रायन यांचा दावा मग फुकट गेला का? निवडणुकीपुरतं बोलायचं तर हो. पण दावा जिवंत होता. फेब्रुवारी १९७३मध्ये निक्सन यांच्या समितीने त्याच दाव्याचा आधार घेऊन ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या वार्ताहरांना आणि मालक कॅथरिन ग्रॅहम यांनाही समन्स काढलं : टिपणं घेऊन हजर व्हा. डिस्कव्हरीचं हत्यार असं दोन्ही बाजूंनी चालतं. ते समन्स रद्द केलं न्यायाधीश रिची यांनीच. मार्चमध्ये मॅककॉर्डने फौजदारी न्यायाधीशांना पत्र लिहिलं, सिनेट समिती कामाला लागली, आणि दिवाणी दाव्याचं महत्त्व ओसरलं. १९७४मध्ये समितीने ७ लाख ७५ हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर निक्सन यांना वाचवणारं कुणी उरलं नव्हतं.

२०१८ : तोच कित्ता, वेगळी वेळ

डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉशिंग्टनमधल्या कार्यालयात वॉटरगेटच्या वेळी फोडलेलं फायलींचं कपाट जपून ठेवलेलं होतं. २०१६मध्ये रशियन हॅकरांनी पक्षाचे ईमेल पळवल्यावर हॅक झालेला सर्व्हर त्याच्या शेजारी ठेवला गेला. २० एप्रिल २०१८ला पक्षाने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला तो याच वारशाचा दाखला देत. प्रतिवादी होते रशिया, विकिलिक्स, ट्रम्प यांची प्रचार समिती, त्यांचा मुलगा, जावई आणि इतर काही जण. स्वतः ट्रम्प यांचं नाव प्रतिवादींत नव्हतं.

मध्यावधी निवडणुकीला साडेसहा महिने होते. पक्षातल्याच काही नेत्यांना हा दावा अविचारी वाटला, आणि त्यांनी तसं उघड बोलून दाखवलं : मतदाराला आरोग्यविम्याबद्दल ऐकायचंय, आपण २०१६चं तुणतुणं का वाजवतोय? ट्रम्प यांनी तर आनंदच दाखवला. आता उलट आम्हीच तुमचा सर्व्हर मागू, असा त्यांचा सूर होता. विकिलिक्सवर समन्स बजावायला पत्ता मिळेना, तेव्हा कोर्टाच्या परवानगीने ते ट्विटरवरून बजावलं गेलं. रशियाने सार्वभौम देश म्हणून संरक्षण मागितलं.

१९७२शी तुलना केली की मुख्य फरक लगेच दिसतो. ओब्रायन यांनी दावा केला तेव्हा दुसरं कुणी प्रामाणिकपणे खणत नव्हतं. २०१८मध्ये विशेष वकील रॉबर्ट म्यूलर वर्षभर खणत होते. त्यांच्या हाती फौजदारी अधिकार होते, आरोपपत्रं निघाली होती, गुन्ह्यांची कबुली मिळाली होती. दिवाणी दाव्यातून त्यापेक्षा जास्त काय निघणार? ३० जुलै २०१९ला न्यायाधीश जॉन कोल्टल यांनी दावा फेटाळला. चोरी रशियाने केली असेल, पण परक्या देशावर असा दावा इथे चालत नाही. आणि चोरीत हात नसलेल्याने चोरलेली माहिती प्रसिद्ध केली तर त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, हे त्यांच्या निकालाचं सार. हे कोल्टल तरुणपणी वॉटरगेटच्या विशेष सरकारी वकिलांच्या चमूत होते. वॉटरगेटचा दाखला त्यांना नवा नव्हता, आणि त्याने ते बधलेही नाहीत.

आपल्याकडे हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. राज्यघटनेच्या ३२९व्या कलमामुळे निवडणूक चालू असताना तिला कोर्टात आव्हान देता येत नाही. निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका करायची. त्यामुळे प्रचाराच्या धामधुमीत कोर्टाचा आखाडा होत नाही, पण उशीर अटळ होतो. इंदिरा गांधींच्या १९७१च्या रायबरेलीतल्या विजयावरचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला १२ जून १९७५ला. तोवर पंतप्रधानपदाची चार वर्षं उलटली होती.

अमेरिकेत वाट मोकळी आहे, म्हणून कधी जायचं हा विचार फिर्यादीलाच करावा लागतो. मतदानाआधी निकाल हवा असेल तर त्या नादी लागू नये. सत्तेवरच्या माणसाची समिती तारखा सहज खाऊन टाकते. मतदानाआधी काही तरी उघड व्हावं एवढंच हवं असेल, तर कॉमन कॉजसारखी एकाच कपाटातली कागदपत्रं मागावीत. मोठा, नुकसानभरपाईचा दावा करायचा तर आधी एक गोष्ट तपासावी : समोरच्याला शपथेवर बोलायला लावणारं दुसरं कुणी आहे का? नसेल, तर पुरावा तोकडा असला तरी तिसऱ्या दिवशीही दावा करण्यात अर्थ आहे, कारण दाव्यामुळे निदान जबान्या नोंदल्या जातात. ओब्रायन हरलेल्या निवडणुकीतही त्या बाबतीत बरोबर होते. आणि दुसरं कुणी खणत असेल, तर पक्षाने कोर्टाची पायरी न चढता मतदाराचं दार ठोठावावं. २०१८च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहात ४० जागांची भर घातली आणि बहुमत मिळवलं. त्यानंतर समन्स काढण्याचे अधिकार थेट त्यांच्याच समित्यांकडे आले. त्यासाठी कोणत्याही दाव्याची गरज पडली नाही.

(पुढील लेखांकात : फ्लोरिडा, २०००. मतमोजणी चालू असताना कोर्टात गेलं तर काय होतं?)